करंगळीवरचं काम

या अंकाच्या संपादकांची गाडी माझ्याकडे दुरुस्तीला येते. मागच्या वेळी तिच्या क्लचचं काम चालू होतं, ते बाकड्यावर बसले होते आणि मी एका गिऱ्हाइकाशी भांडत होतो. भांडण संपल्यावर ते म्हणाले, "मिस्त्री, हे सगळं लिहा." मी म्हणालो, "माझं शिक्षण आठवी." ते म्हणाले, "बोलता तसं लिहा." मी बोलतो तसं लिहिलं तर अंक जप्त होईल, म्हणून जरा तोंड धुऊन लिहितो आहे.

माझं गॅरेज लातूरला औसा रोडवर आहे. कुठल्या कंपनीचं नाही. पत्र्याचं शेड, गाडीखाली उतरायला एक खड्डा, एक बाकडं आणि पुढं लिंबाचं झाड. झाड माझ्याआधीपासून आहे, बाकी सगळं मी केलेलं आहे. माझं गाव बिलोली तालुक्यात. तिथून नांदेडला गेलो, धंदा शिकलो आणि लातूरला येऊन शेड टाकलं. पाठीशी ना बाप ना बँक. पण आज मला लिहायचं आहे ते या कमाईबद्दल नाही. गमावलं त्याबद्दल लिहायचं आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, गॅरेजचं काम म्हणजे गाडी दुरुस्त करणं. गाडीचं काम सोपं असतं. गाडी खोटं बोलत नाही आणि तिला मेहुणा नसतो. गिऱ्हाइकाला असतो. गिऱ्हाईक आमच्याकडं आजार घेऊन येत नाही, निदान घेऊनच येतं. "मेव्हणा म्हणून राहिला, गॅस्केट गेलंय." मेव्हणा काय करतो, तर कापडाच्या दुकानात असतो. मी बोनेट उघडतो, लांब पेचकसाचं टोक इंजिनला टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि ऐकतो. डॉक्टरची नळी तशी आमचा पेचकस. आत कुठं घासतंय, कुठं ठोकतंय ते मुठीतून कानात येतं. गॅस्केटला काही झालेलं नसतं. पण हे गिऱ्हाइकाला सांगायचं म्हणजे त्याच्या मेव्हण्याचा अपमान होतो, म्हणून ते जपून सांगावं लागतं. मला जपून सांगता येत नाही, हे माझ्या धंद्यातलं पहिलं नुकसान.

दुसरी अडचण आवाजाची. आठ दिवस गाडी आवाज करते म्हणून माणूस औशाहून सुटी काढून येतो आणि माझ्या दारात आली की बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर मुलगी बसावी तशी गप्प बसते. माणूस वरमतो. मी चिडतो. ग्रामीण रुग्णालयातल्या एक सिस्टर होत्या, त्यांनी मोबाइलवर आवाज भरून आणला होता. म्हणाल्या, "दादा, पेशंट दवाखान्यात आल्यावर दुखायचं थांबतं, हे मला ठाव आहे." एवढं शहाणं गिऱ्हाईक मी दुसरं पाहिलं नाही.

तिसरी गोष्ट संशयाची. मिस्त्री चांगला पार्ट काढून घेतो आणि जुना बसवतो, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. काही जण तसं करतातही, त्यामुळं बोलायला तोंड नाही. एकदा निलंग्याकडचे एक सरपंच गाडी सोडून गेले. बोनेट उघडलं तर बॅटरीवर, डायनामोवर, स्टार्टरवर, जिथं बघावं तिथं लाल ठिपके. बायकोची नेलपॉलिश लावून खुणा करून ठेवल्या होत्या. माझं डोकं फिरलं. संध्याकाळी ते आले तेव्हा मी ब्रशला लाल रंग लावून तयार होतो. म्हणालो, "साहेब, हात पुढं करा."

"कामून?"

"तुमच्यावर बी खूण करतो. पुढच्या वेळी तुम्हीच आला का बदलून दुसरंच कुणी आलं, मला कसं कळावं?"

ते परत आले नाहीत. शेजारचा पंक्चरवाला अजून ही गोष्ट सांगतो आणि लोक हसतात. मीही हसतो. पण चांगली गाडी होती आणि गिऱ्हाईकही वाईट नव्हतं.

या संशयावर माझ्या उस्तादांनी एक रीत घालून दिली होती. नांदेडला देगलूर नाक्याकडं त्यांचं गॅरेज होतं. जब्बारमामू म्हणायचे त्यांना सगळे. त्यांच्याकडं गाडीतून काढलेला प्रत्येक जुना पार्ट, मग तो झिजलेला बुश असो की जळलेला फ्यूज, जुन्या पेपरात बांधून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. घरी नेऊन फेकू दे, पण द्यायचा. मी लातूरला शेड टाकल्यावर ही रीत एक दिवसही मोडली नाही.

मामूंची दुसरी रीतही मी उचलली. ती सौद्याची. मामू म्हणायचे, "गाहक कू जितने दे मियां. हारेला गाहक वापस नै आता." गिऱ्हाइकाला जिंकू द्यायचं. आता जिंकू द्यायचं म्हणजे घरातलं घालायचं नाही. कामं सांगताना एक काम जास्तीचं सांगायचं, ज्याची गाडीला लगेच गरज नाही. गिऱ्हाईक म्हणणार, हे राहू द्या. आपण जरा ओढून धरायचं, मग तोंड पाडून कबूल व्हायचं. तो खूश, आपणही खूश, आणि गाडीला जे पाहिजे ते होतंच. याला आम्ही कापायचं काम म्हणायचो. कापण्यासाठीच सांगितलेलं. हे फसवणं आहे असं मला तेव्हा वाटत नव्हतं आणि खरं सांगायचं तर आजही पूर्ण वाटत नाही. भाजीवालीकडं तुम्ही कोथिंबीर वर मागता, ती तिनं आधीच धरलेली असते. कोण कुणाला फसवतं?

मी कामं बोटांवर सांगतो. अंगठ्यापासून सुरुवात. ऑइल, ब्रेक, क्लच, असं करत जायचं आणि कापायचं काम शेवटी करंगळीवर. कामं दोन असोत की चार, ते काम करंगळीवरच. ही काही ठरवून केलेली गोष्ट नव्हती, हाताला तसं वळण पडलं. माझ्याशिवाय ते कुणाच्या लक्षात आलं नाही. एकाच माणसाच्या आलं.

ते माणिकअप्पा. उदगीरच्या मोंढ्यात त्यांची अडत. शेतकऱ्याचा माल आणि व्यापाऱ्याचा भाव यांच्यामध्ये उभं राहून दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटायला लावायचं, हा त्यांचा जन्माचा धंदा. म्हणजे माझाच धंदा, फक्त त्यांचं धोतर पांढरं राहायचं. बाजाराच्या कामाला ते लातूरला यायचे तेव्हा सकाळी गाडी माझ्याकडं लावून रिक्षानं पुढं जायचे आणि दिवस कलताना परत यायचे. गाडीत काही नसलं तरी लावायचे. मग मी कामं सांगायला हात वर केला की बाकड्यावरचे लोक गप्प व्हायचे, कारण पुढं जे व्हायचं ते बघायला मजा यायची.

"बोल मिस्त्री, कितीला बुडवतोस?"

"तुम्हाला बुडवायला लातुरात पाणी कुठंय, अप्पा."

मी अंगठा धरायचो, एकेक काम सांगत जायचो. अप्पा डोळे मिटून ऐकायचे. करंगळीवर आलो की पुढं होऊन माझी करंगळी आपल्या दोन बोटांत धरायचे, ती तळहातात दुमडायचे आणि म्हणायचे, "हे बेडा." उदगीरकडं कानडी घरातलीच भाषा. बेडा म्हणजे नको. आमच्या गॅरेजात तो शब्द इतका रुळला की चहा नको असला तरी लोक बेडा म्हणायला लागले.

मी चिडल्याचं सोंग आणायचो. "अप्पा, गाडी रस्त्यात बसली तर माझ्या नावानं बोंबलू नका."

"बोंबलीन की. तुझ्या नावानं न्हाई तर कुणाच्या नावानं बोंबलावं?"

गाडी घेऊन जाताना जुन्या पार्टांची पुडी मी त्यांच्या हातात द्यायचो. ते ती न उघडता डिकीत टाकायचे. इतक्या वर्षांत त्यांनी ती पुडी एकदाही उघडली नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तुझ्यावर विश्वास हाय म्हणून न्हाई. मला त्यातलं काय कळतंय?" पण ते विश्वासामुळंच होतं, हे मलाही माहीत होतं आणि त्यांनाही.

आणि डिकीतून एक डबा निघायचा. काकूंनी, म्हणजे अप्पांच्या मंडळींनी, दिलेला. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. कडक भाकरी ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगतो. ज्वारीची भाकरी कागदासारखी पातळ थापायची आणि पापडासारखी वाळेपर्यंत भाजायची. महिनाभर टिकते. ती जमायला मनगट लागतं. पीठ परातीत फिरत राहिलं पाहिजे आणि हात एकसारखा पडला पाहिजे. काकूंची भाकरी उजेडापुढं धरली तर पलीकडचं दिसायचं. माझ्या घरच्यांनी खूप प्रयत्न केला, जमली नाही. काकू गाडीत असल्या की उतरायच्या नाहीत, काच खाली करून म्हणायच्या, "मिस्त्री, यांना लुटू नको रे, घरी येऊन माझ्यावर राग काढतेत." आणि अप्पा बघत नाहीत असं पाहून डबा बाहेर द्यायच्या.

आता तो दिवस.

अप्पांची लेक बिलोलीला दिलेली. तिचं डोहाळजेवण होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उदगीरहून निघून मुक्रमाबाद, देगलूर करत बिलोलीला जायचं होतं. अप्पा म्हणाले, "ब्रेक जरा खाली जातोय, बघून ठेव," आणि मोंढ्याकडं गेले. त्या दिवशी गॅरेजात गर्दी होती आणि अप्पांची गाडी दुपारनंतरच हातात घेता आली. ऑइल बदललं, मागचे ब्रेक साफ केले. पुढचं चाक सगळ्यात शेवटी उतरवलं, ब्रेकच्या कामासाठी. तिथं मला खालचा बॉल जॉइंट ढिला सापडला.

बॉल जॉइंट म्हणजे काय ते सांगतो. माणसाच्या खुब्यात कसा गोल सांधा असतो, वाटीत बसलेला, म्हणून पाय फिरतो आणि तरी जागेवर राहतो, तसाच सांधा गाडीच्या पुढच्या चाकाला असतो. तो झिजला की चाक डुगडुगतं. खूप झिजला की एखाद्या खड्ड्यात वाटीतून बाहेर येतो आणि चाक आडवं पडतं. मग स्टिअरिंग फिरवून उपयोग नसतो. अप्पांचा लई झिजला होता.

पार्ट माझ्याकडं नव्हता. नांदेड नाक्यावरच्या दुकानात होता. आणायला आणि बसवायला दिवे लागेपर्यंत वेळ गेला असता. विचारल्याशिवाय पार्ट आणता येत नाही, म्हणून चाक परत चढवून मी अप्पांची वाट बघत राहिलो. ते आले ते घाईत, दोन्ही हातांत पिशव्या, लेकीची हिरवी साडी, फळं. आणि एक व्यापारी मित्र बरोबर, त्याला उदगीरपर्यंत सोडायचं होतं. तोही घाई करत होता.

"बोल मिस्त्री, कितीला बुडवलास?"

मी सवयीनं हात वर केला. अंगठ्यावर ऑइल. पुढच्या बोटावर मागचे ब्रेक. मग पुढचे ब्रेक. आणि जे सगळ्यात शेवटी सापडलं ते शेवटी सांगितलं. "आणि खालचा बॉल जॉइंट गेलाय. तो बदलावा लागतो. थोडं थांबावं लागतं."

करंगळीवर.

अप्पा हसले. मित्राकडं वळून म्हणाले, "बघ बरं आता." पिशव्या एका हातात घेतल्या, माझी करंगळी धरली, दुमडली. "हे बेडा."

मी म्हणालो, "अप्पा, हे तसलं न्हाई. हे खरं हाय."

"मागच्या टायमाला बुश बी खरंच होतं की."

"अप्पा, चाक निघून जाईल."

"मागच्या टायमाला इंजिन निघून जाणार होतं." मित्र हसला. बाकड्यावरचे हसले. अप्पा रंगात आले. "अरे, तुझी करंगळी मला पाठ झाली मिस्त्री. मोंढ्यात जन्म गेला माझा. कुठलं काम कुठल्या बोटावर असतंय ते मी तुला झोपेत सांगतो."

मला ते लागलं. आजवर जी गोष्ट आम्हा दोघांत न बोलता होती, ती त्यांनी परक्या माणसासमोर उघडी केली. सरळ सांगायचं तर चार लोकांत मला लबाड म्हटलं, आणि तेही ज्या दिवशी मी लबाडी करत नव्हतो त्या दिवशी. मी किल्ली त्यांच्यापुढं बोनेटवर आपटली आणि म्हणालो, "जावा मग. चाक तुमचं, रस्ता तुमचा. माझं काय जातंय."

त्यांना वाटलं हेही सोंग. मी पुडी दिली, ती त्यांनी हसतच डिकीत टाकली. गाडीत बसले. गेले.

मी काय काय करू शकलो असतो, हे मला नंतर खूप लोकांनी सांगितलं. गाडी जॅकवर चढवून चाक हलवून दाखवता आलं असतं. किल्ली खिशात ठेवता आली असती. मामू असते तर त्यांनी चाकच उतरवून ठेवलं असतं. हे सगळं मला माहीत आहे. पण ज्यांनी सांगितलं त्यांना कुणी गर्दीत लबाड म्हटलेलं नाही. आणि मी सांगितलं होतं. एकदा नाही, तीनदा सांगितलं होतं. बाकड्यावरचे लोक साक्षीला आहेत.

दुसऱ्या दिवशी देगलूरच्या अलीकडं एका मोरीजवळ चाक आडवं पडलं. गाडीला वेग नव्हता, म्हणून सगळे वाचले. गाडी रस्ता सोडून खाली गेली आणि कलंडली. अप्पांना खरचटलं. काकूंच्या उजव्या मनगटाचा चुरा झाला. नांदेडला नेलं, ऑपरेशन झालं, सळई घातली. लेकीच्या डोहाळजेवणाला माहेरचं कुणी पोचलं नाही.

मला हे कळलं ते उसाच्या ट्रॅक्टरवाल्याकडून. मी तसाच बस धरून नांदेडला दवाखान्यात गेलो. अप्पा बाहेर पायरीवर बसले होते. मी जवळ गेलो तर त्यांनी वर पाहिलं. मला वाटलं शिव्या देतील. शिव्या दिल्या असत्या तर मीही दिल्या असत्या, आम्ही दोघं भांडलो असतो आणि ते तिथंच संपलं असतं. ते नुसते सरकले. जागा करून दिली, मी बसलो. मीच म्हणालो, "अप्पा, मी सांगितलं होतं."

"हाव," ते म्हणाले. "सांगितलं होतंस."

बास. एवढंच. पण पुढं उदगीरच्या मोंढ्यातून येणाऱ्या एका ड्रायव्हरनं मला सांगितलं, की कुणीतरी अप्पांना विचारलं होतं, मिस्त्रीनं सांगितलं नव्हतं का. आणि अप्पा म्हणाले होते, "सांगितलं होतं. पण रोज सांगतो तसंच सांगितलं होतं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. कितीदा त्याला उत्तर तयार केलं. रोज सांगतो तसं म्हणजे काय? मी काय रडून सांगायला पाहिजे होतं? पाया पडून? मी ज्या तोंडानं बोलतो त्याच तोंडानं बोललो. आणि इथंच येऊन उत्तर अडतं. खरं काम आणि कापायचं काम मी एकाच तोंडानं सांगत होतो, एकाच आवाजात, आणि ते दोन्ही ओळखू येऊ नयेत यातच माझी हुशारी होती.

अप्पा त्यानंतर माझ्याकडं आले नाहीत. गाडी दुरुस्त झाली ती कंपनीच्या वर्कशॉपमध्ये. तिथं एसी असतो, काचेआड बसवतात, कागद छापून हातात देतात. त्यात काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही आणि कुणी कमी करा म्हणत नाही. जो माणूस माझ्याकडं एका नटबोल्टवर अर्धा तास घालतो, तोच तिथं मुकाट सही करतो. हा राग माझा जुना आहे आणि तो कुणी काढू शकणार नाही. पण अप्पा तिथं जाऊन सही करतात, हे ऐकलं तेव्हा राग आला नाही. कसंतरीच झालं. मोंढ्यात जन्म गेलेला माणूस.

मी कापायचं काम सांगणं बंद केलं. गाडीला जेवढं लागतं तेवढंच सांगायचं, एक शब्द जास्त नाही. वाटलं, आता लोक म्हणतील मिस्त्री सरळ झाला. झालं उलटं. लोकांना सवय लागलेली. मी तीन कामं सांगितली की ते त्यातलं एक कापणारच. मी म्हणायचो, तिन्ही लागतात. ते म्हणायचे, मिस्त्री आता लई ताठ झाला. काही जण पलीकडच्या गॅरेजात गेले. तिथं चार सांगतात आणि एक सोडतात. मला आता प्रत्येक गाडी जॅकवर घेऊन, गिऱ्हाइकाचा हात धरून, त्याच्या हातानंच चाक हलवून दाखवावं लागतं. वेळ जातो. पण दाखवल्याशिवाय मी किल्ली देत नाही.

यंदा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी पाने, पकडी, जॅक धुऊन मांडत होतो, दुसऱ्या दिवशी पूजेला. दारात एक गाडी येऊन थांबली. आवाज ऐकला आणि मान वर न करताच ओळखली. आपण हाताळलेल्या इंजिनचा आवाज विसरत नाही.

अप्पा उतरले. थकले होते. मागं काकू बसल्या होत्या. अप्पा म्हणाले, "कंपनीवाले म्हणतेत, गाडी जुनी झाली, पार्ट येत न्हाईत. भंगारात द्या म्हणतेत." मला ते समजलं. ते माझ्याकडं आले नव्हते. जायला दुसरी जागा उरली नव्हती म्हणून आले होते. तरी मला आनंद झाला. मी चहा सांगितला. काकूंना कप दिला तर त्यांनी डावा हात पुढं केला. उजवा मांडीवर पालथा होता, तसाच राहिला.

"बरं हाय का काकू?"

"बरं हाय बाबा. हात वळत न्हाई तेवढा. भाकरी आता सुनबाई करतीय." मग कपात बघत म्हणाल्या, "जाड करतीय."

मी गाडी खड्ड्यावर घेतली आणि मन लावून पाहिली. पुढची दोन्ही चाकं उचलून हलवली, सांधे घट्ट होते. क्लच गेला होता, रेडिएटर गळत होता, पट्टा तडकला होता. तीन खरी कामं. वर आलो, हात पुसले. आणि मी काय करणार होतो ते मला हात वर करेपर्यंत माहीत नव्हतं.

अंगठा, क्लच. पुढचं बोट, रेडिएटर. पट्टा. मग मी करंगळी धरली आणि म्हणालो, "आणि मागचे शॉकअप बदलावे लागतात." शॉकअप चांगले होते. अजून लांब चालले असते. बोट मी तसंच समोर धरून ठेवलं. त्यांनी पुढं यावं, दोन बोटांत धरावं आणि दुमडावं, एवढंच मला पाहिजे होतं. शेजारचा पंक्चरवालाही हातातलं टायर सोडून बघायला लागला.

अप्पांनी बोटाकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"सगळं करा," ते म्हणाले.

घासाघीस न करता गिऱ्हाईक कबूल झालं तर कुठल्याही मिस्त्रीला आनंद व्हायला पाहिजे. मला वाटलं, हे बोट आता तोडून फेकावं. मग मीच ते दुमडलं.

"अप्पा, हे बेडा."

"लागत न्हाई?"

"न्हाई."

"मग सांगितलंत कशाला?"

"तुम्ही कापाल म्हणून."

अप्पा बाकड्यावर बसले. काच खाली होती, काकू ऐकत होत्या. अप्पा खाली जमिनीकडं बघत म्हणाले, "त्या दिवशी मला वेळ नव्हता असं बी न्हाई मिस्त्री. घटकाभर थांबलो असतो तर काय बिघडत होतं. तो गडी बरोबर होता, त्याला दाखवायचं होतं मला, कसा कापतो ते."

मला सांगायचं होतं की मलाही त्याच गड्यासमोर राग आला होता. पण काकू मागं बसल्या होत्या आणि आम्ही दोघांनी मिळून ज्या माणसापुढं आमची हुशारी दाखवली, तो कोण कुठला होता, त्याचं नावही मला आठवत नव्हतं.

काकूंना माझ्या घरी सोडलं, जुन्या बाजारात पार्ट हुडकले आणि दिवसभर काम केलं. दुसऱ्याच्या हातात काही दिलं नाही. दिवस कलताना गाडी बाहेर काढली, अप्पांना शेजारी बसवून औसा रोडला एक फेरी मारून आणली. क्लच मऊ लागत होता. अप्पा मान हलवून बरंय म्हणाले. मी सांगितले तेवढे पैसे त्यांनी दिले, मी घेतले. त्यांना कापता आले नाहीत, मला सोडता आले नाहीत.

मग मी जुने पार्ट पेपरात बांधून पुडी त्यांच्या हातात दिली. अप्पा डिकीपर्यंत गेले. डिकी उघडली. थांबले. परत आले आणि पुडी बोनेटवर ठेवून तिची गाठ सोडली. झिजलेली क्लच प्लेट उचलून उन्हाकडं धरली, मागून पुढून फिरवून पाहिली. तडकलेला पट्टा बोटांनी वाकवून भेगा बघितल्या. रेडिएटरचा फाटका पाइप पाहिला. सगळं नीट पाहिलं. मग पेपरात पहिल्यासारखं बांधलं आणि डिकीत ठेवलं.

बघून झाल्यावर त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. मीही दुसरीकडं बघत होतो.